काचेवरून पाणी कसं उतरतं

तिचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. गल्लीच्या टोकाच्या नळाला चारला पाणी यायचं आणि साडेचारला जायचं, म्हणून पंधरा मिनिटं आधी रांगेत बादली ठेवावी लागे. चार खेपा, दर खेपेला दोन बादल्या. जाताना एकशे दहा पावलं, येताना तेवढीच. पावलं मी मोजलेली आहेत. ती मोजत बसणाऱ्यातली नव्हती. पाणी भरून, सगळ्यांचे डबे करून ती पाच दहाची पहिली बस धरायची. पाच पन्नासला संस्थेच्या मागच्या दाराशी हजर. सोळा वर्षांत ती दोनदा उशिरा आली. एकदा बस बंद पडली आणि एकदा नवऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

मी तिथे एकतीस वर्षं बॉयलरवर होतो. तळघरात एका बाजूला माझा बॉयलर आणि भिंतीपलीकडे तिची धुण्याची खोली. वर तीन मजले संशोधकांचे. ते पेशींवर काम करत. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या तबकात वाढवायच्या, त्या कशा वागतात ते बघायचं. त्या सगळ्या कामाची काच तिच्या हातून जायची. बाटल्या, नळ्या, तबकं, आणि नखाएवढ्या गोल काचा, ज्यांच्यावर पेशी बसवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. दिवसाला सातशे ते आठशे नग. गोल काचा वेगळ्या.

तिला सगळे सातपाणी म्हणत. नाव तिच्या पद्धतीवरून पडलं. साबणात भिजवणं, मग हलक्या आम्लात, मग नळाची चार पाणी आणि शुद्ध केलेल्या पाण्याची तीन. वर लिहून लावलेल्या कागदावर पाचच होती. एका नव्या कारकुनाने शुद्ध पाण्याचा खर्च जास्त होतो म्हणून तिला विचारलं, तेव्हा तिने त्यालाच उभं करून पाच पाण्यांची काच आणि सात पाण्यांची काच दाखवली. तो म्हणाला, मला दोन्ही सारख्याच दिसतात. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्ही वर बसता आणि मी खाली." तो पुन्हा आला नाही.

काच बघण्याची तिची रीत दूध डेअरीतली. त्या काळी दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं आणि रिकाम्या बाटल्या परत जायच्या. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून अकरा वर्षं ती तिथे बाटल्या धूत होती. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमीणबाईने तिला शिकवलं होतं की बाटलीला वास घेऊन बघायचं नाही, उजेडात धरून बघायचं नाही. पाण्यात बुडवायची, उचलायची आणि पाणी कसं उतरतं ते बघायचं. स्वच्छ काचेवरून पाणी सबंध पडदा होऊन खाली सरकतं. मळक्या काचेवर ते फाटतं, त्याचे थेंब होतात. थेंब दिसला की बाटली परत. मुकादमीणबाई शंभरातली एक उचलायची, आणि त्या एकीवर थेंब निघाला तर शंभरच्या शंभर पुन्हा धुवायला लावायची. डेअरीत प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि बायका घरी बसल्या. ती संस्थेत आली, कंत्राटावर.

घर एका खोलीचं. त्यात ती, नवरा, सासू आणि दोन मुली. नवरा बस डेपोत टायरची कामं करायचा, बोलणं कमी. त्याच्या वाटचं सासू बोलायची. जगाची भांडी घासायला हिला पहाटे उठता येतं, घरची मात्र माझ्या नशिबी, हे तिचं रोजचं. सून उत्तर द्यायची नाही, हसायची. एकदा फक्त म्हणाली, "आई, तुम्ही धुतलेलं पातेलं मी परत धुते, म्हणून तुम्हाला राग येतो ना?" सासू दोन दिवस बोलली नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले, असं तिने मला हसत सांगितलं होतं.

शेजारची खोली एका म्हाताऱ्या टायपिस्टची होती. तो मुलाकडे कायमचा जायला निघाला होता. खोली तिला द्यायला तयार होता, दरमहा हप्त्याने. पण अट एकच. कायम नोकरीचा कागद दाखवायचा. कंत्राटावरच्या बाईचा आज पगार आहे, उद्या नाही. त्याचंही चूक नव्हतं. तिला तेव्हा कंत्राटावर सात वर्षं झाली होती आणि कायम करण्याचा कागद मोठ्या सरांच्या टेबलावर सहीसाठी गेला होता. मोठे सर म्हणजे वरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. महिनाअखेरपर्यंत थांबतो, असं टायपिस्टने सांगितलं होतं. मोठी मुलगी तेव्हा दहावीला होती आणि जिन्यात बसून अभ्यास करायची. सातपाणीला ती खोली किती हवी होती हे मला माहीत होतं, कारण ती कधी काही मागायची नाही आणि या खोलीबद्दल मात्र दर दोन दिवसांनी बोलायची.

आता वरच्या पोरीबद्दल. ती मोठ्या सरांच्या हाताखाली संशोधन करायची, चौथं वर्ष. वर तिला जेवायला जागा नव्हती की एकटीला जेवण जात नव्हतं, कोण जाणे. डबा घेऊन ती खाली धुण्याच्या खोलीत यायची. सातपाणीला मावशी म्हणायची, मला काका. तिच्या कामाची पहिली ओळख आम्हाला तिथे झाली.

"मावशी, पेशीला पाय नसतात, तरी ती चालते."

"कशी?"

"हातांनी."

"म्हणजे रांगते म्हण की."

"रांगतेच."

मग तिने नीट सांगितलं. पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूला हजारो बारीक रेणू असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. आम्ही आपले हात म्हणायचो. त्यातले काही हात खालची जमीन धरतात. जमीन म्हणजे शरीरात पेशींच्या भोवती असलेलं प्रथिनांचं जाळं. इथे काचेवर त्यातल्याच एका प्रथिनाचा पातळ लेप ती द्यायची. या धरणाऱ्या हातांच्या शेजारी दुसऱ्या जातीचे हात असतात. तेही तेच प्रथिन धरतात, पण दुसऱ्या जागी. त्यांची स्वतःची पकड मोजण्यासारखी नसते. पण ते प्रथिनाला लागले की पेशीच्या आत निरोप जातो, आणि त्या निरोपावर पहिल्या हातांची पकड घट्ट व्हायची की सैल हे ठरतं. पुढचे हात धरतात, मागचे सोडतात, आणि पेशी एक पाऊल सरकते. जखम भरते ती अशी. काठावरच्या पेशी सरकत सरकत मधली जागा बुजवतात. आणि कर्करोगाच्या पेशी जागा सोडून भलतीकडे जातात, त्याही याच हातांच्या जोरावर.

सातपाणी म्हणाली, "म्हणजे एक हमाल आणि एक मुकादम."

"मावशी, पण हा मुकादम ओझ्याला हात लावूनच उभा असतो."

"मग चांगला आहे. आमच्याकडे असा आला नाही कधी."

मला ते लगेच पटलं. जिन्यावरून दीड मणाचा व्हॉल्व्ह खाली आणायचा तर दोन माणसं लागतात. दोघांनीही घट्ट धरून ठेवलं तर पायरी उतरत नाही. दोघांनी सैल सोडलं तर पाय चेचतो. कुणीतरी धर म्हणावं लागतं, कुणीतरी सोड म्हणावं लागतं, आणि ते वेळेवर म्हणावं लागतं.

एकदा पोरीने आम्हा दोघांना वर नेऊन पडद्यावर पेशी दाखवली. चार तासांचं चित्रण अर्ध्या मिनिटात. पेशी पुढून पसरायची, ताणली जायची, मागचं टोक अडकून राहायचं. सातपाणी पडद्याला म्हणाली, "अगं शेपटी अडकलीय तुझी, सोड की." तेवढ्यात टोक सुटलं आणि पेशी पुढे घसरली. तिथले सगळे हसले. मोठे सरही.

त्या वर्षी पोरीच्या प्रयोगात काहीतरी नवं निघालं. एक औषध होतं, त्याने धरणारे हात बांधले जायचे. हात बांधले की पेशी काचेवर टिकत नाही, पाणी फिरवलं की वाहून जाते. हे सगळ्या जगाला माहीत होतं. पोरीच्या पेशी हात बांधूनही वाहून गेल्या नाहीत. काचेला चिकटून बसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. तिने प्रयोग सहा वेळा केला. सहाही वेळा तेच. मोठ्या सरांनी सांगितलं की पेशीला तिसरा हात आहे, जो धरतो पण सोडत नाही, आणि तो आजवर कुणाला सापडलेला नाही. वर आनंदीआनंद झाला. निबंध लिहून तयार झाला. आठ दिवसांनी परदेशातल्या एका मोठ्या परिषदेला तो जायचा होता. पोरगी जेवायला खाली यायची बंद झाली. वेळ मिळत नव्हता.

त्याच आठवड्यात सातपाणीच्या हाती एक डबा आला. वाफेच्या पेटीतून निघालेला, गोल काचांचा, वर न वापरता परत आलेला. झाकण उघडं राहिलं होतं म्हणून पुन्हा धुवायला पाठवला होता. काच धुऊन झाली की कागदात गुंडाळून वाफेच्या पेटीत जायची. तिथे दाबाखाली गरम वाफेने उरलेसुरले जंतू मरतात. ती वाफ माझ्या बॉयलरची. पेटीतून निघालेली काच थेट वर जायची. तिच्याकडे परत कधी यायची नाही. त्या दिवशी आली. तिने सवयीने एक काच चिमट्यात धरून पाण्यात बुडवली आणि उचलली. पाणी फाटलं. थेंब झाले.

दुसरी उचलली, तेच. डब्यातल्या चाळीसही तशाच.

आधी तिने स्वतःलाच दोष दिला. आम्ल जुनं झालं असेल, एखादं पाणी चुकलं असेल. नवं आम्ल केलं, सातच्या जागी नऊ पाणी दिली. काच बुडवून पाहिली तर पाणी सबंध उतरलं. मग त्याच काचा वाफेत घातल्या आणि बाहेर काढून पुन्हा बुडवल्या. थेंब. चहाच्या सुट्टीत तिने हे दोन दिवस केलं, कुणाला न सांगता. वाफेआधी पडदा, वाफेनंतर थेंब. बारा डबे. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ती दोन काचा आणि पाण्याचं भांडं घेऊन माझ्याकडे आली. आधी एक बुडवून दाखवली, मग दुसरी.

"भाऊ, तुम्ही वाफेत काय घालता?"

मला उत्तर माहीत होतं. वाफ परत पाणी होऊन ज्या पाइपातून बॉयलरकडे येते ते पाइप आतून गंजत होते. चार वर्षं मी त्यांना जोड लावत होतो. महिन्यापूर्वी नवीन औषधाचं पिंप आलं. ते बॉयलरच्या पाण्यात टाकायचं, वाफेबरोबर ते पाइपभर फिरतं आणि आतून मेणासारखा पातळ थर धरतं. पाणी लोखंडाला लागत नाही, गंज थांबतो. पिंपावर माप लिहिलं होतं. मी दुप्पट टाकत होतो. जुने पाइप, जुना गंज, एका मापाने काय होणार असा हिशेब केला होता. आणि खरंच गळती थांबली होती. मी खूश होतो. ती वाफ वाटेत तिच्या काचांवरून जाते, हे मला बावीस वर्षं माहीत होतं आणि त्या महिन्यात सुचलं नाही.

मी सांगितलं. पाइपाला धरतं ते काचेलाही धरणार. पाणी फाटणारच.

ती म्हणाली, आता वर सांगायला हवं. तिसरा हात वगैरे काही नसेल, पेशी या मेणालाच चिकटत असतील.

मी तिला थांबवलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण थांबवलं. म्हटलं, तुझा कागद त्याच टेबलावर आहे. तू सांगितलंस की ते म्हणतील काच तुझी, चूक तुझी. आठ दिवस गप्प राहा. सही होऊ दे, मग सांग. यात माझाही जीव वाचत होता, हे तिला कळलं असणार.

ती काचा पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, वरचं मला कळत नाही. पण काच माझी आहे. माझ्या काचेवर खोटं चिकटलंय हे ठाऊक असताना मी ती वर कशी पाठवू?"

ती साडेनऊला वर गेली. मी गेलो नाही. पुढचं पोरीने सांगितलं तसं लिहितो.

मोठ्या सरांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. मग ऐकलं आणि चिडले. सहा वेळा केलेला प्रयोग, चार वर्षांचं काम, आणि धुण्याच्या खोलीतली बाई येऊन सांगते की सगळं थेंबांमुळे झालं. म्हणाले, काच मळकी असेल तर धुणं तुमचं. मग तुमच्या कागदाचा विचार मला पुन्हा करावा लागेल. ती म्हणाली, करा. आधी हे बघा. आणि टेबलावर भांडं ठेवून तिने दोन्ही काचा बुडवून दाखवल्या. एकीवरून पाणी सरकलं, दुसरीवर फाटलं. सर म्हणाले, याने काहीच सिद्ध होत नाही.

पण पोरगी पांढरी पडली होती. तिला तिची चूक आठवली. या प्रयोगात एक साधी तपासणी असते. काही काचांवर प्रथिनाचा लेप द्यायचाच नाही, हातांना धरता येत नाही अशा दुधातल्या प्रथिनाने नुसती काच झाकायची आणि पेशी सोडायच्या. धरायला जमीनच नाही, तर पेशी टिकता कामा नयेत. वर्षाच्या सुरुवातीला तिने ती पंधरा-वीस वेळा केली होती. दर वेळी पेशी वाहून गेल्या होत्या. मग काचा कमी पडायला लागल्या आणि तिने ती सोडून दिली. दर वेळी तेच येतं, तर कशाला करायची? माझ्या दुप्पट मापासारखंच ते.

तिने त्याच वेळी ती तपासणी केली. दुपारी तीनला उत्तर आलं. लेप नसलेल्या काचेवर पेशी गच्च बसल्या होत्या. हात बांधलेल्याही, न बांधलेल्याही. पुढे तिने आम्हाला कारण सांगितलं. पेशीच्या अंगावर थोडा ऋण भार असतो आणि पिंपातल्या औषधाच्या थरावर धन. दोन्ही एकमेकांना ओढतात. त्यात हातांचा संबंधच नाही. माशी गोंदावर बसते तशी पेशी काचेवर बसली होती. तिने धरलं नव्हतं, तर सोडणार कशी? म्हणूनच ती चालत नव्हती.

निबंध मागे घेतला गेला. सातपाणीचा कागद चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. अठ्ठावन्न पायऱ्या. सरांना सांगितलं की पिंप माझं, माप माझं, दुप्पट मी टाकलं, आणि तिने मला विचारल्यावर मीच तिला गप्प राहायला सांगितलं. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण त्याशिवाय तिने काय केलं ते पुरतं कळलं नसतं. सरांनी लिहून घेतलं. मला ताकीद मिळाली, कागदावर. वाफेच्या पेटीला विजेवर चालणारा छोटा वेगळा बॉयलर बसला. त्यात शुद्ध पाण्याशिवाय काही घालायचं नाही.

चौकशीला दोन महिने लागले. महिनाअखेर त्यात निघून गेली. टायपिस्टने आठ दिवस जास्त वाट पाहिली, मग खोली एका दुकानदाराला दिली. त्याने तिथे पुठ्ठ्याचे खोके भरले. सासू म्हणाली, सगळ्या गावाचं खरं हिनेच सांगायचं, आणि झोपायला मात्र आम्ही खोक्यांच्या शेजारी. त्या दिवशी तिचा नवरा, जो कधी बोलायचा नाही, तो बोलला. "आई, पुरे." एवढंच. हे सांगताना सातपाणीचा आवाज थोडा बदलला होता, म्हणून लक्षात राहिलं. खोली गेल्याबद्दल ती माझ्यापाशी एक शब्द बोलली नाही. दोन महिने मी तिच्याकडे सरळ बघू शकत नव्हतो. तिसऱ्या महिन्यात तीच भिंतीपलीकडून ओरडली, भाऊ, वाफ कमी येतेय, झोपलात का? तेव्हा बरं वाटलं.

पोरीने सगळे प्रयोग पुन्हा केले. स्वच्छ काचेवर, तपासणी न सोडता. चौदा महिने गेले. तिसरा हात कुठेच निघाला नाही. निघालं ते वेगळं. फक्त धरणारे हात मोकळे ठेवले आणि मुकादम हात बांधले तर पेशी बसायची, पसरायची, पण तिची पकड पक्की व्हायची नाही आणि तिला दिशा सापडायची नाही. इकडे थोडी, तिकडे थोडी, पुन्हा तिथेच. धरणारे बांधले तर मुकादम एकटा काहीच करू शकायचा नाही. दोन्ही मोकळे असले आणि दोन्हींना एकाच प्रथिनाच्या आपापल्या जागा मिळाल्या की पेशी सरळ रेषेत निघायची. पकड फार घट्ट केली तरी पेशी थांबायची आणि फार सैल केली तरी. मधल्या पकडीवर सगळ्यात जास्त अंतर कापायची. तिसऱ्या हाताइतकी ही बातमी मोठी नव्हती. पण खरी होती, आणि दुसऱ्या एका प्रयोगशाळेने करून पाहिली तेव्हाही तशीच आली. पोरीला पदवी मिळाली. आपल्या प्रबंधाच्या पुस्तकाची एक प्रत तिने धुण्याच्या खोलीत आणून दिली. आम्हा दोघांना त्यातलं एकही पान वाचता येत नव्हतं. सातपाणीने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्लापासून लांबच्या फळीवर ठेवलं.

मोठ्या सरांबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी कधी माफी मागितली नाही. पण सातपाणीच्या कागदावर सही केली त्या दिवशी एक नवीन वही काढायला सांगितली. वाफेतून निघालेल्या प्रत्येक डब्यातली एक काच सातपाणीने बुडवून बघायची, आणि वहीत तिची सही झाल्याशिवाय तो डबा वर कुणी वापरायचा नाही. पहिला डबा घ्यायला ते स्वतः खाली आले. तिने काच बुडवली, उचलली, बघितली, आणि म्हणाली, "सर, अजून एक बघते." ते उभे राहिले. तळघरात उकाडा असतो. घाम पुसत ते उभे राहिले. तिने दुसरी बघून सही केली तेव्हा त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि जिना चढून गेले. लिफ्ट चालू होती.

अशा वह्यांत पुढे नऊ वर्षं तिच्या सह्या आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा अकरावी वही चालू होती. चौतीस वेळा तिने डबा परत फिरवला. चौतीसातले एकोणतीस डबे धुण्यात कसर राहिलेले होते, म्हणजे तिच्याच खोलीतले, तिच्या हाताखाली आलेल्या नव्या बायकांचे किंवा तिचे स्वतःचे. स्वतःचे ती वेगळ्या शाईने लिहायची. ते तीन होते.

काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. जोर लावणारी पाहिली, वेळ देणारी पाहिली. आपल्या हातून गेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं याची जबाबदारी, कुणी विचारलेलं नसताना, नुकसान समोर दिसत असताना घेणारं माणूस मी हेच एक पाहिलं.

दुकानदाराचा धंदा नऊ वर्षांनी बसला आणि त्याने खोली विकायला काढली. तोवर मोठी मुलगी नोकरीला लागली होती, तिने पैसे देऊ केले. सातपाणी नको म्हणाली. सोळा वर्षांच्या पगारातून दर महिन्याला बाजूला काढत आलेलं होतं, ते पुरलं. मी खोली बघायला गेलो तेव्हा खोक्यांचा वास अजून भिंतीत होता. नवरा दाराला बिजागरी बसवत होता. सासू ऐंशीची झाली होती. तिने सगळ्यांच्या आधी आपली खाट तिकडे हलवून घेतली होती आणि खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की आम्ही घर वाढवलं. सून फरशी धूत होती, तिसरं की चौथं पाणी चाललं होतं. दहा फूट बाय अकरा फूट, गल्लीकडे एक खिडकी, आणि दाराला आतून लागणारी कडी.